मदत हवी आहे: विंडोजऐवजी कुठलं लिनक्स, मिंट, डेबियन की फेडोरा? एकच नाव सांगा

खडूस_कीबोर्ड:
विंडोज १० चा सपोर्ट संपला, ११ माझ्या लॅपटॉपवर चढत नाही. उबुंटू टाकून पाहिलं, फार रखडतं. मिंट, डेबियन, फेडोरा यांतलं कुठलं टाकू? इतिहास नको, कामं खोळंबलीत.

सायंतारा:
रॅम किती? हार्ड डिस्क की एसएसडी? काम काय करता? नुसतं 'रखडतं' म्हटल्यावर कोण काय सांगणार?

फक्त_डेबियन:
डेबियन १३. डोळे मिटून टाका.

गोगलगाय:
नवख्या माणसाला डेबियन? वायफायचं फर्मवेअर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, शोधत बसेल बिचारा.

फक्त_डेबियन:
जुनं रडगाणं. २०२३ मध्ये डेबियन १२ आलं, तेव्हापासून फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असतं. जरा अपडेट व्हा.

बाणेदार:
मी आर्च लिनक्स वापरतो. रोलिंग रिलीज, नवीन आवृत्ती टाकायची भानगडच नाही.

गोगलगाय:
विचारलं कुणी?

खडूस_कीबोर्ड:
४ जीबी, साधी हार्ड डिस्क. ब्राउझर आणि टायपिंग, अजून काय असणार?

सायंतारा:
मग डिस्ट्रोपेक्षा (लिनक्सच्या प्रकारापेक्षा) डेस्कटॉप, म्हणजे समोर दिसणारा पडदा-मेनू, बघा. उबुंटूचा गनोम डेस्कटॉप ४ जीबीत दमतो. मिंट २२ ची एक्सएफसीई डेस्कटॉपवाली आवृत्ती घ्या. पाया उबुंटू २४.०४ चाच, पण अंगाने हलकी, आणि अपडेट्स २०२९ पर्यंत. डेबियनमध्येही इन्स्टॉल करताना एक्सएफसीई निवडता येतं. फेडोरा चांगलं आहे, पण एकेका आवृत्तीला जेमतेम १३ महिने सपोर्ट, तुम्हाला परवडणार नाही. खरा फरक एसएसडीने पडेल. दहा टॅब उघडलेत तर कुठलंही लिनक्स रडेल.

गोगलगाय:
+१. शिवाय उबुंटूत फायरफॉक्स स्नॅपमधून (उबुंटूची ॲप पॅकेज पद्धत) येतो, जुन्या डिस्कवर उघडेपर्यंत चहा होतो. मिंटने स्नॅप मुद्दाम बंद ठेवलंय.

फक्त_डेबियन:
म्हणजे मिंट उबुंटूवर, उबुंटू डेबियनवर. मग थेट मूळच का नको?

जुना_जाणता:
ड्युअल बूट करणार, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणार असाल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

खडूस_कीबोर्ड:
ड्युअल बूट नकोच आहे हो! मिंट एक्सएफसीई डाउनलोडला लावलंय. विंडोजमध्ये '३२ बिट' असं काहीतरी दिसतं, त्याने फरक पडतो का?

सायंतारा:
हे आधी सांगायचं ना! मिंट २२ फक्त ६४ बिटवर चालतं. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे प्रोसेसरपुढे 'एक्स६४' लिहिलंय का बघा. असेल तर विंडोज ३२ बिट असलं तरी बिघडत नाही. टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून वायफाय तपासा.

फक्त_डेबियन:
आणि नसेल तर डेबियन १२. तेराचा ३२ बिट इन्स्टॉलर नाही.

गोगलगाय:
आला फिरून तिथेच.