मदत हवी आहे : राफ्ट पॉलिमरायझेशन निम्म्यावर बिघडतंय

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीत एमएस्सीचा प्रकल्प करतोय. खाऱ्या वाऱ्यात मिरकरवाड्याच्या बोटींवरचं लोखंड कसं गंजतं ते लहानपणापासून बघतोय. फॉस्फोनिक आम्लाचे गट लोखंडाच्या ऑक्साइडला घट्ट धरतात, म्हणून त्यांचं पॉलिमर करून लेप द्यायचा बेत आहे.

मोनोमर (ज्याचे रेणू जोडून पॉलिमरची साखळी होते तो) : डायमिथाइल फॉस्फोनेट, म्हणजे फॉस्फोनिक आम्लाचा मिथाइल एस्टर, असलेला मिथाक्रिलेट. राफ्ट पद्धत (साखळ्या साधारण सारख्या लांबीच्या वाढाव्यात म्हणून), ती वाढ ताब्यात ठेवणारा डायथायोबेंझोएट एजंट, अभिक्रिया सुरू करायला एआयबीएन, द्रावक डीएमएफ, ७० अंश. ५० टक्के मोनोमर वापरला जाईपर्यंत डिस्पर्सिटी (साखळ्यांच्या लांबीतला फरक; १ म्हणजे सगळ्या सारख्या) १.२, पुढे थेट १.७! जीपीसीत (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारी चाचणी) जास्त वजनाच्या बाजूला खांदाही दिसतो. मोनोमरमध्ये डायमिथाक्रिलेटची (दोन टोकांनी जोडला जाऊन साखळ्या एकमेकींना बांधणारा रेणू) भेसळ असेल का? फॉस्फरसचा एनएमआर (रेणूतले फॉस्फरस अणू दाखवणारी चाचणी) स्वच्छ आहे, पण फॉस्फरसच नसलेली भेसळ त्यात दिसणार कशी म्हणा.

दुसरं, पॉलिमर झाल्यावर आम्ल मोकळं करायला, म्हणजे मिथाइल एस्टर काढायला, ट्रायमिथाइलसिलिल ब्रोमाइड, मग मिथेनॉल वापरायचंय. इथल्या पावसाळी दमटपणात बाटली उघडली की नुसता धूर. ग्लोव्हबॉक्स (कोरड्या वायूची बंद पेटी) नाही, नायट्रोजनचा सिलिंडर तेवढा आहे. (वीज मध्येच जाते, ते वेगळंच.) मोकळं आम्ल जीपीसीच्या कॉलमला चिकटतं, म्हणून मोजमाप एस्टरवरच केलंय.

मोनोमर शुद्ध कसा करू? की पॉलिमरायझेशन ५० टक्क्यांवरच थांबवू? कुणी हात भाजून घेतले असतील तर सांगा.