मदत हवी आहे : सपाट सोलापुरात राहून साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी कशी करावी?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात राहते, माध्यमिक शाळेत शिकवते आणि माझे वय ४४ आहे. यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये धावायचे ठरवले आहे. २१ किलोमीटर धावण्याची ही माझी पहिलीच वेळ असून आजपासून हाताशी पुरते १३ आठवडे आहेत. या स्पर्धेत साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून वर जायचे आणि त्याच रस्त्याने परत यायचे असते, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेलच. माझी अडचण अशी की सोलापुरात चढ म्हणावा असे काहीच नाही. होम मैदानाच्या कितीही फेऱ्या मारल्या, तरी पायांना घाट कळत नाही.

नेमका सल्ला देता यावा म्हणून सध्याची स्थिती सांगते. पाच महिन्यांपासून आठवड्यातून चार दिवस पळते. आतापर्यंतचे सर्वांत लांब अंतर १४ किलोमीटर असून त्याला १ तास ४८ मिनिटे लागली. मे महिन्यात पहाटे पाचला बाहेर पडले तरी साडेसहानंतर उन्हाचा चटका बसू लागतो, त्यामुळे त्याहून लांब पळणे अजून जमलेले नाही. वजन, रक्तदाब, साखर सर्व आटोक्यात आहे आणि नोंदणी करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणीही करून घेतली आहे.

खरे सांगायचे तर नोंदणी करताना मला चढाची फारशी भीती वाटली नव्हती. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाण्याची आमच्या घरची रीत आहे. सुमारे ४५ किलोमीटरची ही वाट मी गेली सहा वर्षे रात्रभर चालून पार करते. शेवटी तुळजापूरचा घाट येतो, तोही कुठे न बसता चढते, आणि दर्शन झाले की एस.टी.ने परत येते. जी बाई ४५ किलोमीटर चालून घाट चढते, तिला २१ किलोमीटर काय जड, असा माझा हिशेब होता.

मागच्या रविवारी मी याच घाटात सरावाला गेले. वाहनांची वर्दळ असते, म्हणून यजमान दुचाकी घेऊन मागे होते. घाटातला एक टप्पा निवडला आणि तो तीन वेळा केला : वर भरभर चालत, खाली पळत. घड्याळाप्रमाणे एकूण साडेचार किलोमीटरचा उतार पळून झाला. चढताना दम लागला, परंतु उतरताना श्वास अगदी शांत होता. पाय आपोआप पुढे पडत होते, म्हणून मी त्यांना मोकळे सोडले. इतके सोपे काही आयुष्यात केले नसेल, असे मी यजमानांना म्हणालेसुद्धा.

सोमवारी सकाळी उठताना मांड्या पुढच्या बाजूने जड वाटल्या. मंगळवारी शाळेत पहिल्या मजल्यावरचा तास संपवून खाली यायला निघाले आणि पहिल्याच पायरीवर गुडघे दगा देतात की काय असे झाले. वर चढताना काही वाटले नव्हते, उतरणे मात्र अशक्य! शेवटी कठड्याला दोन्ही हातांनी धरून, भिंतीकडे तोंड करून, खेकड्यासारखी आडवी एकेक पायरी उतरले. सातवीतल्या मुली मागे खोळंबल्या होत्या. त्यांतल्या एकीने न विचारता माझी हजेरीची वही हातातून काढून घेतली. बुधवारी दुखणे कळसाला पोहोचले. आज शनिवार, आता बरेच हलके वाटते आहे.

माझे प्रश्न असे आहेत. हे स्नायूंचे साधे अवघडणे होते, की गुडघ्याला काही इजा झाली असावी? साडेचार किलोमीटर उताराने ही गत होत असेल, तर स्पर्धेत घाट चढून आल्यावर तोच घाट उतरायचा कसा? तुळजापूरला महिन्यातून फार तर दोनदा जाणे शक्य आहे, मग उरलेल्या दिवसांत सोलापुरातच कोणता सराव करावा? बुटांच्या दुकानात मला टाचेला जाड गादी असलेले महागडे बूट घेण्याचा आग्रह झाला, तो योग्य आहे का? आणि भाकरी व शेंगांची चटणी हा आमचा रोजचा आहार स्पर्धेच्या आदल्या रात्री चालेल का?

प्रतिसाद १

ताई, तुम्ही सहा वर्षे घाट चढलात आणि दर वेळी एस.टी.ने उतरलात. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच लेखनात आहे : तुमच्या पायांना चढ माहीत आहे, उतार माहीत नाही.

चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना त्याला ब्रेक लावावा लागतो, म्हणजे शरीराचा भार पेलत असतानाच तो ताणला जातो. या प्रकारच्या कामात प्राणवायू कमी लागतो, म्हणून तुमचा श्वास शांत होता. परंतु स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा याच कामात सर्वाधिक होते. ते दुखणे लगेच जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते आणि आठवड्याभरात ओसरते. दोन्ही मांड्या सारख्याच दुखल्या असतील आणि सांध्याला सूज नसेल, तर हे तेच आहे. एकाच गुडघ्यात कळ येणे, सूज येणे किंवा हाडावर एका बिंदूपाशी दुखणे ही लक्षणे वेगळी, त्यांसाठी डॉक्टरांकडे जावे. अशा श्रमांनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मात्र एक तासही थांबू नये.

आता समाधानाची गोष्ट. स्नायू हा धडा एकदा घेतला की काही आठवडे विसरत नाहीत. तेवढाच उतार तुम्ही दोन आठवड्यांनी पुन्हा केलात, तर निम्मेही दुखणार नाही. म्हणून महिन्यातून दोनदा तुळजापूर हे कमी नाही, पुरेसेच आहे. फक्त एकदम साडेचार किलोमीटर न करता पुढच्या खेपेस दोन किलोमीटरच करा, मग दर खेपेस थोडे वाढवा, आणि शेवटचा मोठा उतार स्पर्धेच्या अडीच-तीन आठवडे आधी उरका. पाय मोकळे सोडणे ही तुमची खरी चूक होती. उतारावर पावले आखूड आणि भरभर टाकावीत, पाऊल शरीराच्या खाली पडावे, पुढे फेकलेल्या टाचेवर नव्हे. मागे झुकण्याचा मोह होतो, तो आवरावा.

सोलापुरात तुमच्या शाळेचा जिनाच कामाला येईल. एका पायावर उभे राहून दुसरा पाय खालच्या पायरीवर टेकवायला तीन अंक मोजण्याइतका वेळ घ्या. प्रत्येक पायाने दहा वेळा, आठवड्यातून दोनदा. चढासाठी व्यायामशाळेतल्या ट्रेडमिलला चढ देऊन भरभर चालले तरी भागते. स्पर्धेतही घाटातल्या तीव्र वळणांवर चालायला लाजू नका. तेथे पळणारा आणि झपाझप चालणारा यांच्यात फारसे अंतर पडत नाही, दमात मात्र फार फरक पडतो.

लांब पळण्याबद्दल : जूनमध्ये हवा निवळली की दर आठवड्याला एक-दीड किलोमीटर वाढवत १८ पर्यंत पोहोचा आणि दर चौथ्या आठवड्याला अंतर उतरवा. या लांब पळण्यात शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे.

प्रतिसाद २

वरील सर्वांशी सहमत. बुटांबाबत माझे मत थोडे परखड आहे : जे बूट घालून १४ किलोमीटर विनातक्रार झाले, ते बदलू नयेत. उतारावर पाय पुढे सरकतो आणि अंगठ्याचे नख काळे पडते, म्हणून पुढे अंगठाभर जागा आहे एवढे पाहावे व नाडी घोट्याजवळ घट्ट बांधावी. साताऱ्यात त्या दिवसांत पाऊस आणि धुके हमखास असते. सुती मोजे भिजले की फोड येतात, ते टाळावेत.

भाकरी-चटणी वर्षभर खावी, परंतु आदल्या रात्री नको. चोथा आणि तेल दोन्ही पोटात रेंगाळतात. साधा वरणभात उत्तम. धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, यावरून हिशेब करता येईल. पाणी तहानेपुरते प्यावे. गार हवेत प्रत्येक टेबलापाशी पेले रिचवणाऱ्यांच्या रक्तातले मीठ घटून त्यांना चक्कर आलेली मी पाहिली आहे. आणि वेदनाशामक गोळी घेऊन घाटात उतरू नये. मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही मांड्या सारख्याच दुखल्या होत्या आणि सूज अजिबात नव्हती, त्यामुळे जीव भांड्यात पडला. आज घरी जिन्यावरचा व्यायाम करून पाहिला. उजवा पाय तीन अंक मोजेपर्यंत स्थिर राहतो, डावा मात्र दोनलाच थरथरून खाली आदळतो. डाव्या पायाने जास्त वेळा करावे, की दोन्ही पायांनी सारखेच करून डावा सावरेपर्यंत वाट पाहावी, एवढे कृपया सांगावे. पुढच्या तुळजापूर फेरीनंतर बुधवारी शाळेचा जिना कसा उतरले, ते येथेच कळवते.