नव्या गाडीचं पहिलं इंजिन ऑइल कधी बदलावं: १,००० किमीला की थेट १०,०००ला?

चिंचवडकर_१२

नवी पेट्रोल हॅचबॅक आहे, १.२ लिटर, टर्बो नाही. वापर बहुतेक चिंचवड ते हिंजवडी, महिन्याला साधारण ५०० किमी. १,००० किमीची पहिली फ्री सर्व्हिस जवळ आली आहे. मॅन्युअलमध्ये या सर्व्हिसला फक्त तपासणी आहे. ऑइल आणि फिल्टर १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल तेव्हा. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरही तेच सांगतो. ओळखीचे मेकॅनिक मात्र म्हणतात, पहिलं ऑइल हजारालाच काढा, त्यात लोखंडाचा चुरा असतो. वर त्यांचा सल्ला असा की मॅन्युअलमधलं पातळ ०डब्ल्यू-२० ऑइल आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकणार नाही, दाट २०डब्ल्यू-४० टाका. जाणकारांनी नीट सांगावं. लवकर बदललं तर वॉरंटीला काही अडचण येते का?

बोअर_पिस्टन

चुऱ्याची गोष्ट खरी आहे, पण हजाराचा आकडा जुन्या इंजिनांचा आहे.

नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या (कारखान्यातल्या बारीक घासकामाच्या) तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतात. त्या रेघांत ऑइल धरून राहतं. रेघांच्या मधली टोकं मात्र पिस्टनच्या रिंगा सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये झिजवून सपाट करतात आणि मग रिंग भिंतीला घट्ट बसते. ही झीज ऑइलमध्ये येते. जुन्या इंजिनांत होनिंग खरबरीत असायचं, ब्लॉकच्या पोकळ्यांत ओतकामाची वाळू राहून जायची, म्हणून ५०० ते १,००० किमीला ऑइल काढणं सक्तीचंच होतं. आता होनिंगची टोकं कारखान्यातच घासून काढतात, ब्लॉक जोराच्या फवाऱ्याने धुतात. चुरा कमी झाला, संपला नाही. पहिल्या ऑइलची लॅब टेस्ट केली तर लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, तांबं हे पुढच्या ऑइलपेक्षा जास्तच दिसतं. सिलिकॉनही जास्त दिसतं, पण ते बहुतेक धुळीचं नसून जोडांना लावलेल्या सीलंटचं असतं. तो आकडा बघून एअर फिल्टर बदलायला धावू नका.

फिल्टर काय करतो? साधारण २० ते ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे कण तो चांगले पकडतो. त्याहून बारीक कण ऑइलबरोबर फिरत राहतात, आणि बेअरिंगमधला ऑइलचा थर काही ठिकाणी एखाद-दोन मायक्रॉनचाच असतो. म्हणून पहिलं ऑइल मॅन्युअलच्या थोडं आधी काढण्यात अर्थ आहे. न काढल्यास इंजिन बिघडेल असं मात्र नाही. कंपनीने १०,००० हा आकडा हा चुरा धरूनच दिला आहे.

तुमच्या वापराचं गणित बघा. महिन्याला ५०० म्हणजे वर्षाला ६,०००. तुम्हाला १०,००० लागूच होत नाही, १ वर्षाची अट आधी येते. त्यातही मॅन्युअलच्या मागच्या पानांवर ‘कठीण वापर’ असा तक्ता असतो: छोट्या फेऱ्या, बराच वेळ आयडलिंग, धूळ. हिंजवडीच्या रस्त्यावर सकाळी इंजिन चालू आणि चाकं उभी हे रोजचंच आहे, म्हणजे तुम्ही त्या तक्त्यात बसता आणि तिथे मुदत बऱ्याचदा निम्मी असते. किलोमीटर पडत नाहीत, पण इंजिनाचे तास पडत असतात. अशा वापरात ऑइल पुरेसं तापून त्यातली वाफ आणि कच्चं पेट्रोल नीट उडून जात नाही.

म्हणून १,०००ला राहू द्या. ६ महिन्यांच्या दुसऱ्या सर्व्हिसला, म्हणजे तुमच्या हिशेबाने ३,०००च्या आसपास, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. तोवर रिंगा बसलेल्या असतील आणि सुरुवातीचा चुरा एकदाच बाहेर जाईल. पुढे वर्षाला एकदा, कठीण तक्ता पाळायचा असेल तर ६ महिन्यांनी.

जॉबकार्ड

वरच्या उत्तराशी सहमत, पण सगळ्या गाड्यांना हा नियम लावू नका. होंडाच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की सुरुवातीच्या काळात, ठरलेली सर्व्हिस येण्याआधी ऑइल बदलू नका. जोडणीच्या वेळी लावलेल्या वंगणातलं मॉलिब्डेनम (घर्षण कमी करणारा धातू) पहिल्या ऑइलमध्ये मिसळलेलं असतं आणि रनिंग-इनमध्ये, म्हणजे इंजिनाचे भाग एकमेकांत बसण्याच्या काळात, ते उपयोगाचं असतं. तुमच्या पुस्तकात असं वाक्य असेल तर ते पाळा, मेकॅनिक काहीही म्हणो.

वॉरंटीचं: लवकर बदलल्याने वॉरंटी जात नाही. अडचण येते ती चुकीचा ग्रेड, बाजारातला भलताच फिल्टर, बिल नसणं किंवा ठरलेली सर्व्हिस चुकवणं यामुळे. म्हणून १,००० किमीच्या सर्व्हिसला ऑइल बदलायचं नसलं तरी गाडी वेळेत न्याच, पुस्तकात शिक्का आणि तारीख घ्या. मधल्या सर्व्हिसला ऑइल बदलताना जॉब कार्डवर ‘ग्राहकाच्या विनंतीनुसार ऑइल व फिल्टर बदल’ असं लिहून घ्या, ऑइलचा ग्रेड बिलावर आला पाहिजे. फ्री सर्व्हिसमध्ये मजुरी फुकट असते. ऑइल, फिल्टर, ड्रेन बोल्टचा वायसर याचे पैसे द्यावे लागतात. सोबत इंजिन फ्लश किंवा ऑइलमध्ये टाकायची बाटली सुचवली जाईल. नव्या इंजिनात फ्लश करण्यासारखं काहीच साचलेलं नसतं आणि चांगल्या ऑइलमध्ये लागणारे घटक आधीच मोजून घातलेले असतात. दोन्हीला सरळ नाही म्हणा.

ग्रेड_गुरुजी

२०डब्ल्यू-४० अजिबात नको.

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा, नंतरचा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा. २० ग्रेड म्हणजे १०० अंशांना ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक), ४० ग्रेड म्हणजे १२.५ ते १६.३. बाहेर ४२ अंश असोत की १२, थर्मोस्टॅट कूलंटला ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो. त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यातही गरम झालेल्या इंजिनातलं ऑइल पुण्यापेक्षा फार वेगळ्या तापमानाला नसतं. ‘आपल्या हवेला पातळ ऑइल चालत नाही’ हे कूलिंग आणि बेअरिंगच्या फटी वेगळ्या असलेल्या जुन्या गाड्यांवरून आलेलं मत आहे.

तुमच्या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा असणार. ती ऑइलच्या दाबावर चालते, तिच्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला) बारीक जाळ्या आणि अरुंद वाटा असतात. दुप्पट दाट ऑइल तिथून वेळेवर पोचत नाही: चेक इंजिन लाइट, सकाळी स्टार्ट करताना वरच्या बाजूचा खडखडाट, शिवाय अ‍ॅव्हरेजही पडतं. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० सोबत ५डब्ल्यू-३० पर्याय म्हणून छापलं असेल तर ते चालेल. छापलं नसेल तर नाही. डब्यावर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी आहे का बघा. हा दर्जा २०२० पासून आहे. टर्बो पेट्रोलवाल्यांनी तर हे बघायलाच हवं, कारण कमी आरपीएमला भार दिल्यावर ठिणगीच्या आधीच होणाऱ्या ज्वलनापासून त्यात संरक्षण आहे.

सातारा_डिझेल

बीएस६ डिझेल एसयूव्हीला हेच लागू का? आमच्या गाडीचं ऑइल डिपस्टिकवर (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवर) मॅक्सच्या वर दिसतंय, एकदाही टॉप-अप केलेलं नाही.

बोअर_पिस्टन

@सातारा_डिझेल डिझेलमध्ये तुमचा प्रश्न वेगळा आणि जास्त तातडीचा आहे. ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात डिझेल मिसळतंय. डीपीएफमध्ये (एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन उशिरा जादा डिझेल फवारतं, म्हणजे एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास जातो. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. गावातल्या गावात गाडी चालते, रिजनरेशन (काजळी जाळण्याचं हे काम) पूर्ण होण्याआधी इंजिन बंद होतं, पुढच्या वेळी पुन्हा फवारणी. असं वारंवार झालं की लेव्हल चढते आणि ऑइल पातळ होतं.

आधी मोजमाप बरोबर आहे याची खात्री करा: सपाट जागा, इंजिन गरम करून बंद, ५ मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पूर्ण आत घाला, मग वाचा. तरीही मॅक्सच्या वर असेल तर किलोमीटर कितीही झालेले असोत, ऑइल आणि फिल्टर बदला. थोडं उपसून लेव्हल खाली आणू नका, कारण पातळ झालेलं ऑइल पातळच राहतं. नवं ऑइल कमी राखेचंच हवं, एसीईए (युरोपीय वाहन कंपन्यांच्या संघटनेचा दर्जा) सी२ किंवा सी३ यातलं जे पुस्तकात असेल ते. काजळी जळून जाते, ऑइलची राख जळत नाही. ती डीपीएफमध्ये कायमची बसते. पुढे अधूनमधून हायवेवर सलग २०-३० मिनिटं गाडी चालवा, आणि रिजनरेशन चालू असल्याची खूण दिसली तर मधेच चावी काढू नका.

चिंचवडकर_१२

सगळ्यांचे आभार. मग १,०००ला फक्त तपासणी, ६ महिन्यांनी ०डब्ल्यू-२० आणि फिल्टर. बदलताना समोर उभं राहता येईल. नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं?

आटे_आणि_पाना

ऑइल गरम असतानाच उतरवायला सांगा, म्हणजे तरंगणारा चुरा ऑइलबरोबर बाहेर येतो. काही ठिकाणी डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ऑइल ओढतात. पहिल्या वेळी ते नको. तळाशी बसलेलं तळाशीच राहतं. खालचा ड्रेन बोल्टच काढायला लावा आणि १० ते १५ मिनिटं ठिबकू द्या.

ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा. तो दाबून चपटा होतो तेव्हाच सील होतो, जुना पुन्हा लावला की पार्किंगमध्ये डाग दिसतो आणि मग कोणीतरी बोल्ट जोर लावून आवळतो. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर तिथेच आटे जातात. बोल्ट आधी बोटांनी तीन-चार फेरे सरळ बसला पाहिजे, मग टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळता येणाऱ्या). छोट्या पेट्रोल इंजिनांत हा टॉर्क बहुधा ३० ते ४० न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा वर्कशॉपकडे असतो. न्यूमॅटिक गन ड्रेन बोल्टला लावू देऊ नका.

डब्यासारखा फिरवून बसणारा फिल्टर असेल तर जुना काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. रिंगवर रिंग बसली की इंजिन सुरू होताच दाबाने ऑइल बाहेर फेकलं जातं आणि चेंबर काही मिनिटांत रिकामं होऊ शकतं. नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावायचं, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवायचा, मग अंदाजे पाऊण फेरा. एवढंच.

१.२ लिटरच्या बऱ्याच इंजिनांत फिल्टरसकट ३ लिटरच्या आसपास ऑइल बसतं. तुमचा आकडा पुस्तकाच्या शेवटच्या तक्त्यात आहे. त्यापेक्षा पाव लिटर कमी ओता, इंजिन १ मिनिट चालवून बंद करा, ५ मिनिटांनी डिपस्टिक बघत थोडं थोडं वाढवा. मिन आणि मॅक्सच्या मधे साधारण पाऊण ते एक लिटरचा फरक असतो. सगळा डबा संपवायचा म्हणून ओतू देऊ नका. जास्त झालं की क्रँक ऑइलमध्ये आपटतो, फेस होतो, आणि फेस बेअरिंगला धरून ठेवत नाही.

काढलेलं ऑइल फेकू देण्याआधी थोडं पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन उन्हात तिरकं धरा. पहिल्या ऑइलमध्ये राखाडी, अगदी बारीक चमक तरंगताना दिसली तर ती रिंगा बसल्याची आहे, काळजी नको. बोटांच्या चिमटीत चोळल्यावर कण टोचला, किंवा नुसत्या डोळ्यांना चपटे तुकडे दिसले, तर ते झीज नाहीत, कुठला तरी भाग सुटतोय. लगेच फोटो काढा, ऑइलचा नमुना स्वच्छ कोरड्या बाटलीत भरून घ्या आणि जॉब कार्डवर नोंद करायला लावा, गाडी वॉरंटीत आहे. अशा वेळी जुना फिल्टरही मागून घ्या. तो उघडायचा झाला तर फिल्टर कटरनेच, करवतीने कापलात तर करवतीचाच चुरा कागदाच्या घड्यांवर दिसेल आणि काहीच कळणार नाही.

१,००० किमीच्या तपासणीलाही डिपस्टिक स्वतः बघा. रिंगा बसेपर्यंत नवं इंजिन थोडं ऑइल खाऊ शकतं. मिनच्या जवळ आलं असेल तर त्याच ग्रेडचं २०० मिली घालून पुन्हा मोजा.