चौकातला बाटल्यांचा मासा: जागृती की नुसता सेल्फी?

गिरणाकाठ: काल इथे कुणीतरी आमच्या चौकातल्या प्लास्टिक बाटल्यांच्या माशाच्या शिल्पाचा फोटो टाकून लिहिलं, 'हे पाहून माणूस बदलतो.' कोण बदललं, एक तरी दाखवा. उद्घाटनाला मी होतो. पाहुण्यांना पाणी बाटलीतूनच दिलं, आणि रिकाम्या बाटल्या माशाच्या शेपटीखालीच पडल्या. माशाच्या पोटात नाही, बाहेर!

धुळेकर मास्तर: फोटो माझाच. 2015 ला पॅरिसात हवामान परिषद भरली, तेव्हा कलाकार ओलाफुर एलियासन यांनी ग्रीनलंडच्या बर्फाचे 12 ठोकळे चौकात मांडले. लोक हात लावत होते, बर्फ वितळत होता. आकड्यांनी जे कळत नाही ते तळहाताला कळतं.

रावेरकर: आपल्याकडे मे महिन्यात 45 ला मांडा बरं. गोळेवाला किसून मोकळा होईल. आणि तो बर्फ आणायला डिझेल नाही लागलं?

धुळेकर मास्तर: लागलंच. पण बर्फ आधीच तुटून समुद्रात तरंगत होता, कुणी फोडला नाही.

केळीवाला: बाटल्यांचं काय घेऊन बसलात? केळीच्या घडाला घालतो त्या प्लास्टिकच्या पिशव्यांचं, स्कर्टिंग बॅगांचं बोला. कापणी झाली की बांधावर ढीग. मागल्या वर्षी मी पेटवल्या, आई दोन दिवस खोकत होती.

गिरणाकाठ: मग घालूच नका ना.

केळीवाला: पंख्याखाली बसून सांगू नका भाऊ. पिशवी नाही तर केळीवर डाग, आणि डाग दिसला की व्यापारी भाव पाडतो. तो फरक तुम्ही भरणार का?

रावेरकर: बरोबर बोलला. भंगारवालाही घेत नाही, चीक लागून काळ्या पडतात म्हणतो. ठिबकच्या जुन्या नळ्या तरी उचलतो.

धुळेकर मास्तर: विषय माशाचा होता. जर्मनीत कासेलला कलाकार योझेफ बॉयस यांनी 1982 पासून 7000 झाडं लावायचं काम घेतलं, प्रत्येक झाडाशेजारी बसाल्टचा एक दगड. तीही कलाच.

गिरणाकाठ: हे चालेल, घ्या, हरलो. दगड तर आपल्याकडे पायलीचे पन्नास. फक्त मार्चनंतर झाडाला पाणी कोण घालणार, ते दगडावर कोरून ठेवा. उद्घाटकाचं नाव नको.

केळीवाला: माझ्या पिशव्या कोण नेणार, ते अजून कुणी बोललं नाही.