मंडक, मांडे आणि खर्पर

शाळूप्रेमी:
कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातील अन्नभोगाचे प्रकरण समोर ठेवून काही राजेशाही पदार्थ घरच्या स्वयंपाकघरात करून पाहण्याचा, आणि जमतील त्या कृती आमच्या सोलापुरातील भगिनी मंडळासाठी मराठीत लिहून काढण्याचा उद्योग मी आरंभला आहे. ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा आहे आणि कल्याणी म्हणजे आपल्या शेजारचे बसवकल्याण, त्यामुळे हे अन्न फार परके वाटू नये. त्यातील ‘मंडक’ गव्हाच्या पिठात तूप आणि मीठ घालून, गोळा हातानेच पसरवून, तापलेल्या ‘खर्परा’वर भाजायचा असतो. मी ‘मांडे’ आणि ‘खापर’ असे लिहिले, तर मंडळातील एका ज्येष्ठ बाईंनी दोन्ही शब्द खोडले. मांडे म्हणजे बेळगावचे, पिठीसाखर भरून घडी घातलेले, कुरकुरीत. आणि खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा, त्यावर पोळी कोण भाजतो, असे त्यांचे म्हणणे आहे. मी काय ठेवावे?

खानदेशची लेक:
ताई, त्या बाईंना एकदा जळगावकडे पाठवा. आमच्याकडे चुलीवर उपडे घातलेल्या मातीच्या मोठ्या भांड्याला खापरच म्हणतात, आणि त्यावरची पुरणपोळी, म्हणजेच मांडा, पोळपाट-लाटण्याशिवाय दोन्ही हातांवर झुलवत वाढवतात. सोलापुरात खापर फक्त दुसऱ्याच्या माथी फोडण्यापुरते उरले असेल, तर तो शब्दाचा दोष नव्हे.

उत्तर कसबा:
आमच्या घरात मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात नांदतात, म्हणून सांगतो, की कन्नडात याला ‘मंडिगे’ म्हणतात, आणि आपण जसे मनातले मांडे खातो तसे तिकडेही मनातच मंडिगे खाण्याची म्हण आहे. सोमेश्वराचे राज्य कन्नड मुलखात होते, तेव्हा हा शब्द आपण तिकडूनच उचलला असावा, असे माझे ठाम मत आहे.

शुद्धमती:
संस्कृत ‘मंडक’ दोन्हीकडे उतरला, एवढे म्हणणे पुरेसे असताना उचलाउचलीचा आरोप कशासाठी? माझा आक्षेप वेगळाच आहे. ताईंनी दिलेल्या कृतीत पुरण नाही आणि साखरही नाही, आहे ते पीठ, तूप आणि मीठ. ‘मांडे’ असे छापले की खानदेशी वाचक पुरण शिजवायला घेईल आणि बेळगावचा पिठीसाखर चाळू लागेल. म्हणून मूळ संज्ञा ‘मंडक’ हीच ठेवावी आणि खाली एक वाक्य खुलाशाचे द्यावे.

खानदेशची लेक:
म्हणजे बाराव्या शतकातला शब्द राजाचा म्हणून शुद्ध, आणि आमच्या आज्यांनी आजवर चालवलेला तोच शब्द अशुद्ध! पदार्थात सारण शिरले म्हणून त्याचे नाव काढून घ्यायचे असेल, तर शेंगापोळीला पोळी म्हणण्याचा अधिकार सोलापूरकरांना उरणार नाही.

वारीकर:
मुक्ताबाईंची आख्यायिका येथे कोणालाच कशी आठवली नाही? मांडे भाजायला कुंभाराकडून भांडे मिळू दिले नाही, म्हणून ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कथेचा सगळा पेच भांड्यावर आहे, सारणाचा तेथे प्रश्नच नाही. मांडा ठरतो तो भाजण्याच्या रीतीने, आणि ती रीत मानसोल्लासातील रीतीशी जुळते, तेव्हा ‘मांडे’ हाच शब्द योग्य आहे.

शाळूप्रेमी:
भांड्याचीच तर अडचण आहे. मातीचे भांडे गॅसवर तडकण्याची भीती वाटते म्हणून मी लोखंडी कढई उपडी घालते. तिचा मधला भाग लाल होतो आणि कडा मात्र कच्च्या राहतात, त्यामुळे मंडक सारखा फिरवत ठेवावा लागतो. ग्रंथात गहू धुऊन, वाळवून मग दळायला सांगितले आहे, आणि ते पाळले की गोळा खरोखर ताणला जातो. खपलीचे पीठ चवीला उत्तम असले तरी हातावरच फाटते, तेथे लोकवनच कामाला येतो. आता सांगा, उपड्या कढईला मी खापर म्हणू का?

उत्तर कसबा:
कढईला कढईच म्हणावे, तो शब्द कटाहापासून आला असून त्याला कोणाचीही हरकत नसावी. त्याच प्रकरणात सळईला टोचून भाजलेल्या मांसाला ‘भडित्रक’ म्हटले आहे ना? मग आपले वांग्याचे भरीत त्या भडित्रातूनच आले असणार. वांगे आपण भाजतो, भरत नाही; ‘भर’ या धातूशी त्याचा काय संबंध?

शुद्धमती:
नाद जुळला म्हणजे नाते जुळत नाही. भडित्रातून भरीत काढायचे असेल, तर मधल्या काळातील रूपे दाखवावी लागतील.

उत्तर कसबा:
मधली रूपे मागणाऱ्यांनी आधी भरितात काय भरलेले असते ते दाखवावे.

खानदेशची लेक:
आमच्या भरितात कांद्याची पात, मिरचीचा ठेचा, शेंगदाणे आणि सुके खोबरे असते. सोलापूरकर वांग्यात काय घालतात, ते त्यांनीच सांगावे.

शुद्धमती:
ते सगळे भाजलेल्या गरात कालवलेले असते, भरलेले नव्हे. भरलेले वांगे हा वेगळा पदार्थ आहे आणि त्याला कोणी भरीत म्हणत नाही. तरीही भडित्राचा दावा त्यामुळे सिद्ध होत नाही, हे मी पुन्हा नोंदवतो.