मदत हवी आहे: एक्सेलच्या ४०,००० ओळींच्या शीटमध्ये कीबोर्डवरून पटापट कसं फिरायचं?

धागाकर्ता: वसुलीखाते

पाणीपट्टी थकबाकीची शीट आहे. सुमारे ४०,००० ओळी, ए ते झेड असे २६ कॉलम. पहिल्या कॉलममध्ये अनुक्रमांक, मग नाव, गाव, मोबाईल, मीटर क्रमांक, महिन्यांचे आकडे आणि शेवटी शेरा. विंडोजवर एक्सेल वापरतो. माउसने स्क्रोलबार ओढला की एकदम हजारभर ओळी निसटतात, म्हणून कीबोर्डवर यायचं आहे. अडतंय ते इथे:

१. कंट्रोल + डाउन ॲरो कधी दोन ओळींवर थांबतो, कधी थेट १०,४८,५७६ व्या ओळीवर जातो.
२. कंट्रोल + एंड दाबलं की माहिती संपल्यावरही खूप खाली, रिकाम्या जागी नेतं.
३. खाली गेल्यावर कोणता कॉलम कशाचा ते कळत नाही.
४. दूरची एखादी ओळ पाहून परत मूळ जागी यायला वेळ जातो.

प्रतिसाद: तक्तेबहाद्दर

पहिल्या दोन अडचणी समजल्या की बाकीचं सोपं आहे.

कंट्रोल + ॲरो हा 'शेवटच्या ओळीवर जा' असा आदेश नाही. भरलेला भाग संपून रिकामा सुरू होतो, किंवा रिकामा संपून भरलेला सुरू होतो, त्या काठावर तो थांबतो. तुमचा शेऱ्याचा कॉलम बहुतेक रिकामा असणार. तिथे तो प्रत्येक तुरळक शेऱ्यावर थांबेल आणि शेवटचा शेरा ओलांडला की शीटच्या तळाशी जाईल. १०,४८,५७६ हा एक्सेल २००७ पासूनचा शीटचा तळ आहे. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये तो ६५,५३६ वर असतो.

म्हणून उभं फिरायचं ते नेहमी सलग भरलेल्या कॉलममधून. तुमच्याकडे अनुक्रमांक आहे, तोच वापरा: होम दाबून ओळीच्या सुरुवातीला या, मग कंट्रोल + डाउन. एखाद्या तुटक कॉलममधली शेवटची नोंदच हवी असेल तर उलटं जा. आधी शीटच्या तळाशी पोहोचा आणि तिथून कंट्रोल + अप दाबा. वाटेतल्या रिकाम्या जागा तेव्हा आड येत नाहीत.

शिफ्ट जोडली की हेच काम निवड करतं. कंट्रोल + शिफ्ट + डाउन दाबलं की चालू सेलपासून काठापर्यंत सगळं निवडलं जातं. निवडीनंतर पडदा तळाशी अडकला तर कंट्रोल + बॅकस्पेस दाबा. निवड न मोडता चालू सेल पुन्हा समोर येतो. आणि कंट्रोल + टिंब दाबत राहिलात तर निवडीच्या चारही कोपऱ्यांवरून फिरता येतं. हे फार कमी जण वापरतात, पण निवड बरोबर झाली का ते तपासायला याच्याइतकं सोयीचं काही नाही.

आता कंट्रोल + एंड. एक्सेलच्या लेखी 'वापरलेला' सेल म्हणजे फक्त मजकूर असलेला नव्हे. रंग किंवा बॉर्डर दिलेला रिकामा सेलही त्यात येतो. डिलीट कळ फक्त मजकूर पुसते, फॉरमॅट तसाच राहतो. इलाज असा: शेवटच्या खऱ्या नोंदीच्या खालच्या ओळीत या, शिफ्ट + स्पेसने ओळ निवडा, कंट्रोल + शिफ्ट + डाउन, मग कंट्रोल + वजा. आता फाइल सेव्ह करा. सेव्ह केल्याशिवाय एक्सेल बहुतेक वेळा जुनाच शेवट धरून बसतं. आधी फाइलची एक प्रत ठेवा. आणि या पट्ट्यात बेरजेची ओळ लपलेली नाही ना, ते नक्की पाहा.

प्रतिसाद: सेलसखी

तिसरी अडचण: सी२ सेलमध्ये उभे राहा आणि आल्ट, डब्ल्यू, एफ, एफ एकामागोमाग दाबा. शीर्षकाची ओळ आणि अनुक्रमांक-नाव हे दोन कॉलम जागेवर राहतील, यालाच फ्रीझ म्हणतात. त्या क्षणी पहिली ओळ पडद्यावर दिसत असली पाहिजे. शीट खाली सरकलेली असताना फ्रीझ केलं तर वरच्या ओळी पडद्याबाहेरच राहतात आणि 'माहिती उडाली' असं वाटतं. फ्रीझनंतर कंट्रोल + होम ए१ वर नाही, सी२ वर नेईल. तो बिघाड नव्हे.

चौथी: एफ५ किंवा कंट्रोल + जी, पत्ता लिहा, एंटर. परत यायचं असेल तेव्हा पुन्हा एफ५. आधीची जागा चौकटीत भरलेलीच असते, फक्त एंटर मारा. मात्र ॲरोने केलेली उडी तो लक्षात ठेवत नाही. पत्ता इंग्रजी कीबोर्डवरच टाइप करा, देवनागरी अंकांत चालत नाही. ए२:एच४०००० असा पूर्ण पट्टा लिहिला तर तो पट्टाच निवडला जातो.

आडवं फिरायला आल्ट + पेज डाउन, एका वेळी एक पडदा उजवीकडे. कंट्रोल + पेज डाउन पुढच्या शीटवर नेतं.

प्रतिसाद: कळफलक

बऱ्याच लॅपटॉपवर होम, एंड, पेज अप, पेज डाउन या कळा ॲरोवरच असतात आणि सोबत एफएन दाबावं लागतं. एफ५ दाबल्यावर आवाज किंवा उजेड बदलत असेल तर एफएन + एफ५ करून पाहा.

ॲरो दाबल्यावर सेल न हलता अख्खी शीट सरकत असेल तर स्क्रोल लॉक चालू आहे. ती कळ नसेल तर विंडोज + कंट्रोल + ओ ने पडद्यावरचा कीबोर्ड उघडून तिथून बंद करा.

वसुलीखाते: अनुक्रमांकाची युक्ती चालली, आभार. दोन गोष्टी राहिल्या. थकबाकीच्या कॉलममध्ये सूत्र आहे, तिथे कंट्रोल + डाउन ६०,००० वर जातो, दिसायला तर खाली सगळं रिकामं आहे. आणि कंट्रोल + एफ ने 'कऱ्हाड' शोधलं की काही नोंदी सापडतच नाहीत, डोळ्यांना मात्र सारख्याच दिसतात.

प्रतिसाद: सेलसखी

कऱ्हाडचं कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या संकेतांमध्ये आहे. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एकात ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. दिसतो एकच, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. शोध चौकटीत मधल्या अक्षराऐवजी तारांकन द्या: क*हाड. दोन्ही सापडतील. फिल्टरच्या शोधातही हे चालतं. चौकट बंद केल्यावर पुढची नोंद शिफ्ट + एफ४ ने मिळते.

कायमचा उपाय म्हणजे कंट्रोल + एच ने एक रूप दुसऱ्यात बदलणं. त्यासाठी दोन्ही रूपं शीटमधूनच कॉपी करून चौकटीत चिकटवा, हाताने टाइप करू नका.

प्रतिसाद: तक्तेबहाद्दर

६०,००० चं उत्तर: सूत्राने रिकामं दाखवलं तरी सेल रिकामा नसतो, त्यात सूत्र असतं. कोणीतरी पुढच्या नोंदींसाठी ते आधीच ओढून ठेवलंय. जादा सूत्रांच्या ओळी वर सांगितल्याप्रमाणे काढा, मग माहितीत कुठेही उभे राहून कंट्रोल + टी दाबा. टेबल झालं की खाली नवी नोंद भरताच सूत्र आपोआप उतरतं, आधी ओढायची गरजच नाही. शेवटच्या सेलमध्ये टॅब दाबला की नवी ओळ तयार होते. कंट्रोल + टी च्या आधी मर्ज केलेले, म्हणजे एकत्र जोडलेले सेल सोडवून घ्या. शीर्षकाच्या दोन ओळी असतील तर त्यांची एकच करा, नाहीतर दुसरी ओळ नोंद म्हणून धरली जाईल आणि क्रम लावताना मध्येच कुठेतरी जाऊन बसेल.