मस्टँग जीटी २०१७: एबीएस, ट्रॅक्शन, स्टीअरिंगचे दिवे एकदम पेटतात, मॉड्यूल बदलू का?

आडत्या_लातूर

मंडळी, नमस्कार. गाडी २०१७ ची मस्टँग जीटी, पाच लिटर व्ही-८, ऑटोमॅटिक. पुण्याच्या एका माणसाकडून सेकंडहँड घेतली. मी आडतीवर बसणारा माणूस. सोयाबीनचा ओलावा मूठभर दाणे हातात घेऊन सांगीन, पण वायरिंगमधलं आपल्याला काही कळत नाही.

दुखणं असं. रात्री संभाजीनगरहून लातूरला येत होतो. बीड गेलं, मांजरसुंबा गेलं, गाडी एकदम झकास. केजच्या गर्दीत शिरलो, वळण घेतलं आणि मीटरवर जत्रा भरली. आधी एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा, मग ट्रॅक्शनचं, घसरत्या गाडीचं चित्र, मग स्क्रीनवर 'सर्व्हिस ॲडव्हान्सट्रॅक' (फोर्डची गाडी घसरू न देणारी यंत्रणा), मग 'हिल स्टार्ट असिस्ट नॉट अव्हेलेबल', आणि शेवटी स्टीअरिंगचा मेसेज. स्टीअरिंग क्षणभर जड झालं. चहाच्या टपरीवर गाडी बंद केली, तिथल्या पोरांना ॲव्हरेज किती देते ते सांगितलं (हे सगळीकडेच सांगावं लागतं), परत चालू केली तर सगळं गायब. अंबाजोगाईत पुन्हा तेच.

आता आठवड्यातून एकदा तरी होऊ लालंय. एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला आणि एबीएसचं मॉड्यूल, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, गेलंय म्हणाला. बाहेरून मागवायचं, आकडा दीड लाखाच्या वर, परतीचा माल नाही. फोर्डने २०२१ लाच इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, त्यामुळं पार्टची भीती आहेच. मागवू का थांबू?

जिनिंगवाला_परभणी

भाऊ, गाडी कुठं लावता? आडतीच्या गोदामाजवळ असेल तर आधी बॉनेट उघडून उंदराच्या लेंड्या बघा. आमच्याकडं सरकीच्या ढिगाशेजारी उभ्या असलेल्या बोलेरोचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, उंदरांनी एका पावसाळ्यात खलास केला होता. दीड लाखाचं नंतर बघू.

शेंद्रा_ट्रेनी

सर, हा कॅन बसचा, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींच्या लाइनचा प्रॉब्लेम वाटतो. बॅटरी काढून, थोडं थांबून, ओबीडी सॉकेटच्या (जिथं स्कॅनर लावतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला पाहिजे. १२० आलं तर एका बाजूची लाइन तुटली. शून्याजवळ आलं तर शॉर्ट.

डायनामो_काका (छ. संभाजीनगर)

आडतेसाहेब, मॉड्यूल मागवू नका. निदान हे सगळं वाचून होईपर्यंत तरी.

मी वाळूजच्या रस्त्याला रिक्षा आणि ट्रॅक्टरचे डायनामो भरण्यापासून सुरुवात केलेला माणूस. २०१० साली आपल्या शहरातल्या लोकांनी एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या, पेपरात फोटो आले, तेव्हा मला कळलं की आता नुसत्या टेस्ट लॅम्पवर पोट भरणार नाही. स्कॅनर तेव्हापासून आहे. पण आजही गिऱ्हाइकाची गाडी आली की पहिल्यांदा हातात मल्टीमीटर घेतो, स्कॅनर नंतर.

तुमच्याच लिहिण्यात सगळं आलंय. हायवेला वेगात काही होत नाही. गावात, कमी वेगात, वळण घेताना होतं. बंद करून चालू केली की जातं. एकट्या एबीएसच्या पोटात दुखत असतं तर त्याच्यासोबत स्टीअरिंग कशाला रडलं असतं? या गाडीचं पॉवर स्टीअरिंग तेलावर नाही, मोटरवर चालतं. उभ्या गाडीत किंवा हळू चालताना चाक वळवलं की ती मोटर बॅटरीतून भरपूर करंट ओढते. त्याच वेळी इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता), म्हणजे बॅटरी भरणारा अल्टरनेटर हळू फिरतोय आणि मे महिन्याच्या उकाड्यात तापलेला. एसी, रेडिएटरचा पंखा, हेडलाइट, सगळे एकाच ताटातले. व्होल्टेज खाली जातं आणि प्रत्येक मॉड्यूल आपापली तक्रार नोंदवतं. तुम्हाला दिवे चार दिसतात, दुखणं एकच असणार.

गॅरेजवाल्याने स्कॅनरवरचे बिघाडाचे कोड लिहून दिले का? दिले नसतील तर परत वाचून घ्या, पण क्लिअर करू देऊ नका. क्लिअर केला की पुरावा गेला. फोर्डसाठी फोरस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते सगळी मॉड्यूल वाचतं. साधा स्कॅनर फक्त इंजिन वाचून गप्प बसतो. एबीएस, स्टीअरिंग, मीटर अशा तीन-चार ठिकाणी यू ३००३ आणि पुढं १६ असं आलं तर समजा, बॅटरीचं व्होल्टेज कमी पडतंय. यू ०१२१ आला तर त्याचा अर्थ 'एबीएसशी बोलणं तुटलं' एवढाच. एबीएस मेला, असा नाही. बऱ्याच जणांची गफलत इथंच होते. ज्याचं नाव कोडमध्ये, त्यालाच फाशी.

आता मोजायचं काय ते सांगतो.

रात्रभर उभी ठेवलेली गाडी, सकाळी दार न उघडता बॅटरीचं व्होल्टेज बघा. बॉनेटचं हँडल आत आहे, म्हणून ते आदल्या रात्रीच ओढून ठेवा. १२.६ असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना एकजण मीटरवर नजर ठेवा, ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीकडं संशयानं बघायचं. गाडी चालू झाल्यावर मीटर एसी व्होल्टवर (गारव्याचा एसी नव्हे, घरच्या लाइटीसारखा एसी करंट) टाकून तिथंच लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय.

मग सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणीच मोजत नाही. मीटर परत डीसी व्होल्टवर. गाडी चालू, गारव्याचा एसी फुल, हेडलाइट चालू. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनस खांबावर, खुद्द शिशाच्या खांबावर, त्याला आवळलेल्या वायरीच्या क्लॅम्पवर नाही. दुसरी बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टवर. कुणाला तरी स्टीअरिंग वळवायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आत पाहिजे. ०.२ पर्यंत चालवून घेऊ. त्याच्या वर गेलं तर अर्थिंगमध्ये गडबड.

परभणीवाल्या भाऊंचं म्हणणं बरोबर आहे, उंदीर बघाच. ट्रेनी, तुझं ६० ओहमही बरोबर आहे बाळा, पण ते दुसऱ्या फेरीत. लाइन तुटलेली असती तर गाडीने मांजरसुंब्यापर्यंत कळ काढली नसती.

एक विचारायचं राहिलं. पुण्याच्या माणसाने गाडीत जास्तीचं काय बसवलंय? ॲम्प, बास, हॉर्न, कॅमेरा?

आडत्या_लातूर

काका, दंडवत. डिकीत ॲम्प आणि मोठा बास आहे. पोराला त्याच्यापायीच गाडी आवडली.

बाजार समितीसमोरच्या बॅटरीवाल्याला घरी बोलावून सगळं मोजलं. सकाळी १२.१. सेल्फ मारताना १० च्या थोडं वर. एसी व्होल्ट नगण्य. चालू गाडीत नुसतं आयडलला १२.९, आणि एसी, लाइट, बास लावून स्टीअरिंग वळवलं तर काटा नाचतो, ११.६ पर्यंत आलं आणि दिवे पेटले! आमच्या डोळ्यांदेखत. मायनस ते बॉडी ०.४.

फोरस्कॅन भाच्याकडं निघालं. यू ३००३ पुढं १६, एबीएसमध्ये, स्टीअरिंगमध्ये आणि अजून दोन ठिकाणी. लेंड्या सापडल्या, वायर शाबूत.

बॅटरीवाला म्हणतो अल्टरनेटर १४ च्या वर पाहिजे, १२.९ म्हणजे तो गेला. बदला म्हणतो.

डायनामो_काका (छ. संभाजीनगर)

त्याला थांबवा. जुन्या गाडीत त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं, तिथं १३.८ ते १४.५ पाहिजेच. या गाडीत अल्टरनेटरने किती द्यायचं ते इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी भरलेली आहे असं त्याला वाटलं की तो मुद्दाम कमी देतो, डिझेल-पेट्रोल वाचवायला. प्रश्न असा की तुमची बॅटरी निम्मी असताना त्याला ती भरलेली का वाटते?

मायनसच्या क्लॅम्पवर एक छोटा डबा दिसेल, त्याला बारीक वायर गेलेली. तो सेन्सर. बॅटरीत किती गेलं, किती आलं, ते तो मोजतो. आता बघा, ॲम्पची काळी जाड वायर कुठं जोडलीय? माझा अंदाज, थेट मायनसच्या खांबावर, सेन्सरच्या अलीकडं. असं असेल तर ॲम्पचा करंट सेन्सरमधून जातच नाही. मुनीम गल्ल्यावर बसून पट्टी लिहितोय आणि मागच्या दारानं कट्टे निघालेत, अशी गत. त्याच्या वहीत गोदाम भरलेलं.

आणि ०.४ चं कारणही तिथंच असेल. खांबावर जादा रिंग घुसवली की कंपनीचा क्लॅम्प पूर्ण बसत नाही. हलवून बघा.

फोटो टाका.

आडत्या_लातूर

फोटो टाकलाय. काका, तुम्ही इथं येऊन बघून गेलात का काय? ॲम्पची रिंग खांबावरच आहे आणि तिच्यामुळं क्लॅम्प हातानं फिरतो. वर हिरवट-पांढरी बुरशी.

शेंद्रा_ट्रेनी

६० ओहमवाला मीच. काका, मग ॲम्पची मायनस कुठं द्यायची? सेन्सरच्या पलीकडं, क्लॅम्पच्या वायरवर?

डायनामो_काका (छ. संभाजीनगर)

बॉडीला. डिकीतच, ॲम्पजवळ. सीटबेल्टच्या बोल्टला मात्र नाही, ते सुरक्षेचं सामान आहे. जागेवरचा रंग खरवडून, दातेरी वॉशर टाकून, वरून ग्रीस. परत येताना करंट बॉडीतून मूळ अर्थच्या केबलने सेन्सरमधूनच जातो आणि हिशोबात येतो. कुणी जंप स्टार्ट दिला किंवा चार्जर लावला तरी काळा चिमटा बॉडीलाच लावायचा, खांबावर नाही. कारण तेच.

आडतेसाहेब, तुमच्यासाठी क्रम. आधी मायनस सोडा, मग प्लस. खांब आणि क्लॅम्प गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडे करा, तारेच्या ब्रशनं चकचकीत करा. जोडताना आधी प्लस, मग मायनस. ॲम्पची वायर सीटखालून आली असेल तर तिथले पिवळे प्लग सोडू नका आणि त्यात मीटरची टोकं घालू नका. तो एअरबॅगचा विभाग आहे. त्याची मस्करी नाही.

बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरा, रात्रभर ठेवा, मग १२.६ टिकतं का बघा. टिकलं नाही तर बॅटरी बदला, तिला उपाशी राहून बरेच दिवस झालेत. घ्याल ती गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकारची आणि तेवढ्याच ताकदीची. नवी बसवली तर फोरस्कॅनमधून बॅटरीचा हिशोब रीसेट करायला भाच्याला सांगा, नाहीतर गाडी नव्या बॅटरीला जुनीच समजते.

आडत्या_लातूर

ॲम्पची मायनस डिकीत बॉडीला दिली, क्लॅम्प घट्ट. मायनस ते बॉडी ०.०५. भरलेल्या बॅटरीने दुसऱ्या सकाळी १२.३ दाखवलं, म्हणून नवी घेतली. आता आयडलला सगळं लावून स्टीअरिंग वळवलं तरी १३.६ च्या खाली येत नाही. रेणापूरपर्यंत जाऊन आलो, बाजाराच्या गर्दीतून मुद्दाम वळणं घेतली. दिवा नाही.

राहिलेलं एकच. ॲम्पच्या लाल वायरला फ्यूज डिकीत आहे. चालेल?

डायनामो_काका (छ. संभाजीनगर)

नाही चालणार. वायर पुढून मागं पूर्ण गाडीतून जाते. मध्ये कुठं पत्र्याला घासली तर डिकीतला फ्यूज बघत बसेल आणि वायर जळेल. बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत दुसरा फ्यूज टाका, वायरच्या जाडीला झेपेल एवढाच. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून) जिथं आत जाते तिथं रबर आहे का तेही बघा.

रीसेट केला नसेल तर एक रात्र गाडी लॉक करून किमान आठ तास तशीच सोडा, म्हणजे सेन्सर बॅटरीचा अंदाज नव्याने घेईल. किल्ली गाडीपासून लांब ठेवा आणि त्या रात्री पोराला गाणी ऐकायला गाडीत बसू देऊ नका.